काचेतली अवलाद

अळीनं उडी मारली आणि भटू दचकला. हातातला चिमटा निसटून फरशीवर वाजला, कोपराच्या धक्क्यानं साखरपाण्याची वाटी कलंडली आणि टेबलावर ओघळ पसरत गेला. कुणी पाहिलं नव्हतं. शिपाई फुलसिंग बाहेर पिंपात पाणी भरत होता आणि पलीकडच्या रुळांवरून मालगाडी धडधडत चालली होती. तिच्या आवाजात एवढासा चिमटा कुणाला ऐकू येणार? तरी भटूचे कान तापले. नंदुरबारच्या वेशीबाहेर कापूस संशोधनाच्या या दोन खोल्या होत्या आणि त्यांत आठ वर्षं त्यानं ठिपक्यांची बोंडअळी पाळली होती. लोक गाय पाळतात, कोंबड्या पाळतात. यानं अळ्या पाळल्या आणि सरकारनं त्याला त्याचाच पगार दिला. लाखांनी अळ्या त्याच्या हाताखालून गेल्या असतील. आणि आज एक अळी, चिमट्याचं टोक लागताच अंगाचा आकडा करून टुणकन उडाली, टेबलाच्या कडेवरून तार सोडून खाली लोंबकळली, तर हा गडी गारुड्यानं गांडुळाला भ्यावं तसा मागे सरला.

अळी बाजारातली होती. पाळलेल्या अळ्यांना भेंडी लागते, आणि ती भटू रोज सकाळी स्वतः रेवाबाईच्या टोपलीतून निवडून आणी. कोवळी, लवदार, छिद्र नसलेली. रेवाबाईला सुरुवातीला वाटलं होतं की साहेबाचं कुटुंब मोठं असेल. "रोज इतली भेंडी कोन खास हो तुमना घर?" तिनं एकदा विचारलंच, आणि भटूनं खरं ते सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारची कांदेवाली उठून बघायला आली. तेव्हापासून तो दिसला की ती दुरूनच ओरडे, "उना रे कीडासना बाप!" भटूला ते आवडत नसे, पण अगदीच नावडतही नसे. त्या दिवशी चैत्रातल्या उन्हानं डोळे दिपले असतील किंवा लक्ष नसेल. एक छिद्राची भेंडी निवडीतून सुटून आली होती आणि तिच्या पोटात ही बया बसली होती.

त्यानं चिमटा उचलला, ओघळ पुसला, लोंबकळणारी अळी काडीवर घेऊन एका रिकाम्या काचेत सोडली. काचा म्हणजे कंदिलाच्या काचा. ओल्या वाळूच्या थाळीत उभी करायची, वरच्या तोंडाला मलमल बांधायची, की झालं अळीचं बिऱ्हाड. अशा काचांच्या रांगा दोन्ही भिंतींच्या फळ्यांवर होत्या. त्यानं रांगेतली एक काच उचलली, मलमल सोडली आणि आपल्या एका अळीला तोच चिमटा, तसाच लावला. अळी जरा आखडली आणि पुन्हा भेंडी खाऊ लागली. दुसरी. तिसरी. त्याच्या अळ्या त्याला चांगल्या ठाऊक होत्या. त्या उचलल्या तर उचलू देत, उलटवल्या तर उलट्या पडून राहत आणि मग सावकाश सुलट्या होत. पुण्याहून येणारे मोठे साहेब म्हणत, "पाटील, तुमच्या अळ्यांना शिस्त आहे हो." त्या वाक्यावर भटू कितीतरी दिवस खूश होता. आता त्याला ते आठवलं आणि बरं वाटेना. सवयीचा प्रश्न आहे, त्यानं मनाशी म्हटलं. ही रानात वाढली, त्या इथे वाढल्या, चार दिवस काचेत राहिली की हीही शांत होईल. एवढं म्हणून तो हात धुवायला गेला, आणि हात धुताना त्याच्या ध्यानात आलं की छातीत अजून धडधडतंय.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तो गावी गेला तेव्हा ही धडधड विसरून गेला होता. तापीकाठी त्यांचं वावर होतं, काळ्या मातीचं, नदीच्या अंगाला उतरत गेलेलं, आणि ते थोरला भाऊ लोटन कसत होता. अंगणात निंबाखाली बाजेवर बसून भटूनं त्याला साहेबांची योजना समजावून सांगितली. पाळलेल्या पाखरांपैकी नर वेगळे काढायचे. त्यांना औषध देऊन वांझ करायचं. ते वावरात सोडायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी लागतील, अंडी घालतील, पण अंडी फुटणार नाहीत. कीड आपोआप बसेल, विषारी फवारा नको की काही नको. लोटन मिशीवर हात फिरवत ऐकत होता. "म्हंजे तू नामर्द नवरदेव भरीसन वऱ्हाड लई येशी," तो म्हणाला, "आनि मन्हा वावरमा लगीन लावशी!" आयाबायांसमोर हे बोलणं भटूला अवघड गेलं, पण सगळे हसले तसा तोही हसला. मग लोटन गंभीर झाला. त्यानं एकच गोष्ट विचारली. "मी काय करू ते सांग." भटूनं सांगितलं: श्रावणात पाखरं सोडायची, तोवर त्या वावरात फवारा मारायचा नाही आणि किडलेले शेंडे खुडायचे नाहीत, नाहीतर पाखरांना माद्याच उरणार नाहीत. खुडणी ही त्या गावची जुनी रीत. कपाशी गुडघ्याला आली की बायका सकाळी ओळीनं शिरत, मान टाकलेला प्रत्येक शेंडा चिमटीनं खुडून ओच्यात घेत आणि बांधावर नेऊन जाळत. ज्याच्या वावरात माना टाकलेले शेंडे उभे दिसत त्याला गावात आळशी म्हणत. "तू सांगस ते मी थांबसू," लोटन म्हणाला.

नंदुरबारला परतल्यावर त्यानं बाजारातल्या त्या अळीची काच पाहिली. तिचा कोष झाला होता, होडीच्या आकाराचा, करडा. पण एकट्या अळीनं काय सिद्ध होणार? म्हणून त्यानं रेवाबाईकडे मुद्दाम किडकी भेंडी मागितली. रेवाबाई थक्कच झाली. "आते कीडावाली पाहिजे? काल तर माले वरडत व्हतात!" त्या भेंड्यांतून पंधरावीस अळ्या निघाल्या, त्यांची पाखरं झाली, पाखरांनी मलमलीवर अंडी घातली. आता त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या याच काचांत, याच भेंडीवर, याच भटूच्या हाताखाली वाढल्या. वावर त्यांनी पाहिलं नव्हतं, पाऊस नाही, चिमणी नाही. सवयीचं असतं तर त्या शांत निघायला हव्या होत्या. त्यानं चिमटा लावला आणि त्या उडाल्या. त्यांच्या पोटच्या पिढीला लावला आणि तीही उडाली. शेजारच्या काचेत त्याची अवलाद मुकाट भेंडी खात होती. भटू स्टुलावर बसला. हे शिकवलेलं नव्हतं, शिकलेलंही नव्हतं. हे बीजात होतं. एकाच जातीची कीड, एकाच रंगाची, ठिपके सुद्धा तेच, पण दोन काचांमधल्या बोटभर अंतरात दोन वेगळी कुळं बसली होती.

मग त्यानं पुढचं करून पाहिलं, जे करायची त्याला भीती वाटत होती. कुंड्यांतल्या कपाशीवर मच्छरदाणी ताणून त्यानं तिच्यात रानातल्या माद्या सोडल्या आणि आपले नर सोडले. माद्या जाळीला धडका देत वर वर फिरत राहिल्या. त्याचे नर खाली साखरपाण्याच्या बोळ्याजवळ पंख मिटून बसले, पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखे. पुन्हा केलं, तेच झालं. मग त्याच मच्छरदाणीत दोनचार रानातले नर सोडले, तर एका रात्रीत लग्नं लागून मोकळी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला कळलं. पण आड कोरडा कुणी केला? त्याचंही उत्तर त्याला मिळालं, आणि ते असं साधं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली. आठ वर्षं रोज मलमल सोडताना जे पाखरू भुर्रकन उडालं ते गेलंच. खिडकीच्या जाळीवर धडपडून दुसऱ्या दिवशी केरात पडलं. जे बसून राहिलं, काचेच्या त्या वीतभर जागेत ज्यानं सुखानं संसार केला, त्याचीच अंडी पुढं गेली. पिढ्या शंभराच्या घरात गेल्या असतील. भटूनं कधी निवड केली नव्हती. त्याच्या हातांनी मात्र रोज केली होती.

असं काही लक्षात आलं की माणसाला झोप लागत नाही म्हणतात, भटूला लागे. प्रमिला, त्याची बायको, लग्नापासून हसून सांगे, "यांच्यासारखं निमूट झोपणारं माणूस मी पाहिलं नाही, उताणे पडतात ते सकाळपर्यंत बोट हलत नाही." ती हे कौतुकानं सांगे. आता एका सकाळी ती चहा गाळता गाळता शेजारणीला तेच सांगत होती आणि भटूला एकदम वसतिगृहाचा वास आला, चुन्याचा आणि खोबरेल तेलाचा. मामानं दोघा भावांना धुळ्याला नेऊन तिथं टाकलं होतं. भटू तेव्हा चौथीच्या आतबाहेर, लोटन त्याच्याहून थोडा मोठा. रात्री दिवे गेले की व्यवस्थापक कंदील घेऊन फिरत. खाटेवर जो हालताना दिसेल त्याला छडी. सकाळी रांगेत हात पुढे करायचे. जो हात मागे घेईल त्याला आणखी एक. लोटननं पहिल्याच छडीला हात मागे घेतला, दुसऱ्या छडीला व्यवस्थापकांच्या हातातली छडीच ओढली, आणि पुढच्या आठवड्यात भिंत ओलांडून पसार झाला. वाटेत कुणाच्या बैलगाडीत, कुणाच्या ओट्यावर झोपत तो घरी पोचला आणि पुन्हा कुणाच्या बापानं नेलं तरी गेला नाही. भटू राहिला. छडी येताना बघत उभं राहायचं त्याला जमलं. व्यवस्थापक म्हणाले, हा मुलगा पुढे जाईल. आणि तो गेला. धुळ्याहून पुण्याला, पुण्याहून नोकरीत. मोठ्या साहेबांसमोर तो आजही दोन्ही हात पोटावर बांधून उभा राही आणि साहेब जे म्हणतील त्याला "होय साहेब" म्हणे. आपण हे शिकलो, की आपल्यात ते होतंच म्हणून आपण राहिलो? आईच्या एकाच पोटातून दोघं आले होते. भटूनं कप खाली ठेवला. कीड आणि माणूस यांची अशी सरमिसळ करू नये, हे त्याला कॉलेजात शिकवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

खरी अडचण वेगळी होती आणि ती त्याला चांगली समजत होती. लोटनला सांगायला हवं होतं. फवारा मार, शेंडे खुड, माझी पाखरं कामाची नाहीत, एवढी तीन वाक्यं. साहेबांना कळवायला हवं होतं. साहेबांनी पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, श्रावणातला कानबाईचा सण झाला की सोमवारी संध्याकाळी पाखरं सोडायची, आसपासच्या गावांचे शेतकरी बोलवायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भटू रोज ठरवी की आज कळवू आणि रोज काचा पुसण्यात दिवस जाई. आषाढ सरत आला तेव्हा मंगळवारच्या बाजाराला लोटन स्वतःच उगवला. खोलीत शिरला, फळ्यांवरच्या काचांकडे त्यानं क्षणभर पाहिलं आणि टोपी काढून तिच्यातून कपाशीचा एक शेंडा काढून टेबलावर ठेवला. शेंड्यानं मान टाकली होती. "असा शेतस, वावरभर," तो म्हणाला. "गावना लोके हासतस माले. हिंमतराव म्हने, लोटनले खुडानी लाज वाटस का आता, भाऊ साहेब व्हयना म्हनीसन. फवारा मारू का नको, एकदाव सांगी दे." भटूनं शेंडा उचलला. आत अळी होती, त्याला जाणवली. आत्ता सांगावं. ओठ उघडले सुद्धा. "कानबाईपर्यंत थांब," तो म्हणाला, "थोडेच दिवस राहिले." स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला. लोटननं टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "बरं," म्हणाला आणि गेला. रागावला असता तर भटूला बरं वाटलं असतं.

नागपंचमी झाली, रविवारी कानबाई आली. तो आणि प्रमिला त्या दिवशी सकाळीच गावी पोचले. घराचा ओटा सारवून झाला होता, बायकांनी नारळाला नथ घालून, डोळे रेखून कानबाई मांडली होती, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्याची आई धनुबाई सुपात गहू घेऊन बसली होती. कानबाईच्या रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचा, हिशेब ठरलेला असतो. कुळातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू. ते सगळे एकत्र दळायचे, त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते त्याच रक्ताच्या माणसांनी संपवायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. धनुबाईचे हात वाकडे झाले होते, पण मूठ अजून घट्ट होती. ती एकेकाचं नाव घेत मूठ सुपातून टोपलीत टाकत होती. लोटननी. लोटनना पोऱ्यानी. मग तिनं मान वर केली, भटू दारात उभा होता. "हाई तुन्ही मूठ," ती म्हणाली. "तू नही येस तवय बी टाकस मी. दर साल." भटूनं विचारलं, मग माझा वाटा कोण खातं? "लोटन खास," ती म्हणाली, "दोन्ही भाऊसना. म्हनस, भटू तठे भूक्या ऱ्हाई." भटूला एकाएकी भडभडून आलं आणि तो हातपाय धुवायच्या निमित्तानं परसात गेला. तिथे रांजणावर वाकून त्यानं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. भाऊ त्याच्या वाट्याची भूक खात होता आणि तो भावाला तीन वाक्यं देऊ शकत नव्हता.

रोट खायला सगळे भाऊबंद एका ओळीत बसले. रोटाबरोबर भोपळ्याची भाजी आणि खीर. लोटन त्याच्या शेजारीच बसला, गुडघ्याला गुडघा लागत होता. आता सांगू, खीर वाढली की सांगू, असं म्हणता म्हणता पंगत उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर नेली. फुगड्या झाल्या, गाणी झाली. नदी गढूळ होती, काठोकाठ. भटू काठावर उभा राहून वाहून जाणारी फुलं बघत होता आणि मनात वाक्यं जुळवत होता. साहेबांसाठी एक आणि लोटनसाठी एक. साहेबांचं वाक्य फार लांब होत होतं. लोटनचं जुळतच नव्हतं, कारण ते वाक्य त्याला पुणेरी मराठीत येत होतं आणि तसं ते भावाला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

दिवेलागणीच्या आधी साहेबांची जीप बांधावर येऊन थांबली. मागच्या बाजूला गवतात रचलेल्या कंदिलाच्या काचा होत्या, प्रत्येकीवर पांढरी मलमल. फुलसिंगनं त्या सांभाळून आणल्या होत्या. बांधावर बरेच लोक जमले होते, हिंमतराव पुढेच होता. धनुबाईही येऊन पाण्याच्या चारीजवळ बसली होती, धाकट्यानं काय आणलंय ते बघायला. चारी म्हणजे वावराच्या कडेनं गेलेला पाट, पावसानं भरून वाहत होता. वावराकडे भटूनं अजून नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. ओळीनं सगळे शेंडे मान टाकून उभे होते, जिथवर नजर जाईल तिथवर. खुडायचे नाहीत म्हणून त्यानं सांगितलेले शेंडे. लोटन चारीच्या अलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता आणि शेंड्यांकडे न बघता भटूकडे बघत होता, जसा आखाजीला बघत होता तसाच, विश्वासानं. साहेब दोन शब्द बोलले. मग वळून म्हणाले, "चला पाटील, सुरू करू या." भटू दोन्ही हात पोटावर बांधून उभा होता. छडी येताना दिसत होती आणि हात मागे घ्यायचा नव्हता. त्याला हे इतकं चांगलं येत होतं.

"नाही साहेब," तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. भटूनं पुन्हा म्हटलं, आणि मग त्याला थांबता येईना. काचेतली पाखरं रानातल्या माद्यांना लागत नाहीत. मच्छरदाणीत पाहिलं. पुन्हा पाहिलं. सवय नाही साहेब, बीजच बदललंय, दोन पिढ्या शेजारी वाढवून पाहिल्या, इथे सोडली तर ही कपाशीवर बसून राहतील आणि सकाळी चिमण्या टिपतील. आठ वर्षांत मीच केलंय हे, कळत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "हे कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी हळू विचारलं. "आषाढात." "आणि मला आज सांगताय. माणसं बोलावून." भटूनं मान हलवली. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बरं झालं सोडायच्या आधी बोललात," ते म्हणाले, "पण याचं उत्तर मला वर द्यावं लागेल, आणि ते तुमच्या नावावरच जाईल." "होय साहेब," भटू म्हणाला. मग तो वळला. लोटनला बोलणं सगळं कळलं नव्हतं, पण आषाढ शब्द कळला होता. भटूच्या घशातून जे आलं ते त्यानं जुळवलेलं नव्हतं. "भाऊ, फवारा मारी टाक. शेंडा खुडी ले. मन्हा पाखरे काही कामना नहीत. माले माहीत व्हतं आनि मी तुले सांगं नही."

लोटनच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग सगळं एकदम उमटलं. "माहीत व्हतं?" तो म्हणाला. "मी टोपीमा शेंडा लई उनू तवय माहीत व्हतं?" "हा." "आनि मी लोकेसना हासना ऐकत बठनू!" तो दोन ढांगांत पुढं आला आणि त्याचा हात वर गेला, नांगर धरणारा, भाकरीएवढा पंजा. त्या क्षणी भटूला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. चाळिशी उलटलेला, चष्मा लावणारा, इस्त्रीच्या पँटीतला तो माणूस अंगाचा आकडा करून उडाला आणि भरल्या चारीच्या पलीकडे कपाशीच्या चिखलात जाऊन पडला. एक चप्पल अलीकडे राहिली, दुसरी पाण्यात गेली.

कुणी हसेना. साहेब उभे, फुलसिंग उभा, लोटनचा हात हवेत तसाच. आणि मग धनुबाई हसली. चारीच्या काठावर बसल्या बसल्या, बोळक्या तोंडानं, पदर न लावता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे, याना बाप बी असाच उडे!" ती म्हणाली. "मन्हा सासरानी हात उचला का गडी चारीना पार! लगीन करी उनू, पहिलंच ते देखं मी." मग हिंमतराव हसला, मग सगळा बांध हसला. भटू चिखलात बसून होता. बाप त्याला आठवत नव्हता. तो रांगत होता तेव्हाच बाप गेला होता, आणि बापाचं म्हणून त्याच्याजवळ फक्त एक फोटो होता, ताठ बसलेला, निश्चल. त्यानं चारीच्या पलीकडे राहिलेल्या चपलेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यानं दोन्ही आवरलं नाही.

लोटनचा हात खाली आला. त्यानं पाण्यातली चप्पल काठीनं ओढून काढली, झटकली, बांधावर ठेवली. राग गेला नव्हता. तो बरेच दिवस जाणार नव्हता हे दोघांनाही कळत होतं. "निंघ बाहेर," तो म्हणाला. आणि भटू उठू लागला तसा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तठेच ऱ्हाय. त्याच ओळथून शेंडा खुडाले लाग. अंधार पडाना पहिले दोन ओळी तरी व्हतीन." घरातल्या बायका पदर खोचून वावरात शिरल्या. भटूनं पहिला शेंडा चिमटीत धरला. त्याची बोटं विसरली नव्हती. शेंडा कट्कन तुटला. आतली अळी अर्धी बाहेर आली, त्याच्या नखावर आपटली, उडाली आणि तार सोडून लोंबकळली. तो दचकला. शेजारच्या ओळीतून लोटननं बघितलं आणि पुढचा शेंडा खुडला.

बांधावर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. फुलसिंग काचा पुन्हा गवतात रचत होता. एकीची मलमल सुटली होती. तिच्या कडेवर चारपाच हिरवट पाखरं येऊन बसली होती, मोकळ्या वाऱ्यात, पंख मिटून. समोर सगळं वावर पडलं होतं. फुलसिंगनं त्यांना बोटानं हळूच आत ढकललं तर ती आत गेली. भटू ओळीतून उभा राहून बघत होता. त्यांचा त्याला राग आला नाही. त्यांचं तरी काय चुकलं होतं? "फुलसिंग," त्यानं हाक मारली, "काचा सावलीत ठेव. मी पहाटेच्या मोटारीनं येतो." त्यांना सकाळी भेंडी लागणार होती.